पोत्याचं तोंड

"ऊठ त्या पोत्यावरून. दाणे गुदमरतील," धाकटी जाऊ म्हणाली.

"मी उठले की तू गाठ सोडशील," थोरली म्हणाली आणि आणखी जड होऊन बसली.

पोत्यात घरातलं सगळं मक्याचं बियाणं होतं, आणि त्याला सोंडे लागले होते. किडा दिसला की पोतं उघडायचं, उन्हात पसरायचं, पाखडायचं, ही घराची जुनी रीत. समुद्रापलीकडून आलेली पाहुणी उलटंच सांगून गेली. ती काही मोठी साहेबीण नव्हती. हाताला घट्टे, शेतही या दोघी जावांच्याएवढंच. पोत्यात जाड प्लास्टिकची पिशवी घालून, तीत दाणे भरून तिनं तोंड पिळून आवळलं, आणि दुभाष्याकरवी म्हणाली, "दाणा निजलेला असतो, त्याला थोडी हवा पुरते. किडा जागा, त्याला जास्त लागते. कोंडा त्याला. उघडू नका."

थोरलीनं मान डोलावली, पण सवयीचा हात. दुसऱ्याच दिवशी तिनं गाठ सोडून पाहिलं आणि मरगळलेले सोंडे पुन्हा चालू लागले. तेव्हापासून ती स्वतःच्या हातालाच भिऊन पोत्यावर बसत होती. मधूनच कान लावायची. आत करकर चाललेली असायची.

एक दिवस करकर थांबली. थोरलीनं दुसऱ्या बाजूनंही कान लावून पाहिला.

"किड्यासोबत दाणाही मेला असला तर?"

"मग पेरू तुझी अक्कल," धाकटी म्हणाली. पण तिनंही वाकून पोत्याला कान लावला.

परतीच्या वाटेवर पाहुणी आली, तेव्हा गाठ सोडली. सोंडे मेलेले. थोरलीनं मूठभर दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून पोटाशी बांधले.

"हे कशाला?" पाहुणीनं विचारलं.

"अंगाच्या उबेनं मोड येतो. जिवंत का मेलं, पेरण्याआधी कळतं."

"आम्हाला पेरल्यावरच कळायचं," पाहुणी म्हणाली. तिनंही थोडे दाणे मागून घेतले, पोटाशी बांधले आणि जाणं पुढं ढकललं.

ते दिवस थोरलीला अन्न गोड लागलं नाही. शेवटी तिनं फडकं धाकटीपुढं धरलं. "तूच सोड. माझ्यानं बघवत नाही."

धाकटीनं सोडलं. दाण्यादाण्याला पांढरा मोड होता. पाहुणीनंही आपलं फडकं उघडलं आणि हसत काही बोलली.

दुभाष्या म्हणाला, "पहिल्या वर्षी त्यासुद्धा पोत्यावर बसल्या होत्या. नवरा विचारायचा, अंडी उबवतेस का?"

थोरली कितीतरी दिवसांनी हसली. धाकटीनं मात्र पोत्याचं तोंड पिळून आवळलं आणि ती स्वतःच वर जाऊन बसली.