निळ्या टोकाचा पाइप

मित्रांनो, मी एक जुना लोखंडी पाइप आहे. खरे तर जुना म्हणवून घ्यायचीही मला लाज वाटते. जुनी वस्तू म्हणजे जिने काहीतरी काम करून अंग झिजवले आहे अशी वस्तू. अंग माझेही झिजले आहे, पण ते कामाने नव्हे, जिने चढण्या-उतरण्याने.

माझा जन्म कारखान्यात झाला. लोखंडाचा पातळ पत्रा गुंडाळून मला नळीचा आकार दिला आणि गंज चढू नये म्हणून वितळलेल्या जस्तात बुडवून काढले. दहा फूट लांबी आणि अंगठा जाईल एवढे पोट. आमच्याकडे एक म्हातारा कामगार होता. नव्या माणसांना तो सांगायचा, "विजेच्या तारेला सगळेच त्रास देतात. ऊन, उंदीर, माणसाचा पाय, कोणीही. हा पाइप मध्ये उभा राहतो आणि मार स्वतः खातो." ते ऐकून माझी छाती फुगली. पाइपाची छाती ती किती फुगणार, पण फुगली.

तिथून मी दुकानात गेलो. दुकानदाराने मापाची खूण म्हणून माझ्या एका टोकाला निळा रंग फासला. ब्रशला रंग जास्त झाला होता, त्यामुळे एक ओघळ वाकडातिकडा खाली उतरला आणि तसाच वाळला. मित्रांनो, हा ओघळ लक्षात ठेवा. एका माणसाने तो लक्षात ठेवला असता तर मला आज हे सांगावे लागले नसते.

मला विकत घेतले एका फिटरने. गच्चीवर सौर पॅनेल बसवणे हा त्याचा धंदा. माणूस वाईट नव्हता आणि हात तर फार चांगला होता. त्याच्या कामाचा एक नियम होता. पॅनेलपासून निघालेल्या तारा जिथे माणसाच्या पायात येतात, घासल्या किंवा चिरडल्या जाण्याची भीती असते, तिथे त्या पाइपातूनच न्यायच्या आणि पाइप क्लिपांनी पक्का बसवायचा. तपासनीस साहेब येऊन ते बघतात, फोटो काढतात, आणि मगच वीज सुरू करायची परवानगी मिळते. नियम शहाण्या माणसांनी केला होता यात शंका नाही.

माझी पहिली गच्ची एका मास्तरांची. जिन्याच्या दारासमोर, जिथे जाता-येता पाय पडायचा, तिथे फिटरने मला चार क्लिपा मारून बसवले. आत दोन तारा होत्या. उन्हात त्या किंचित कोमट व्हायच्या. साहेबांनी मला बुटाने दाबून पाहिले, मी तसूभर हललो नाही. "काम असं हवं," साहेब म्हणाले आणि त्यांनी फोटो काढला. मला वाटले, आता जन्मभर इथेच. मी फार सुखात होतो, ते सुख एक दिवस टिकले.

दुसऱ्या दिवशी फिटर स्क्रू ड्रायव्हर घेऊन हजर. त्या महिन्यात बाजारात माझ्या मापाचा माल नव्हता आणि त्याच दिवशी दुसऱ्या एका गच्चीची तपासणी होती. "मास्तर, आठ दिवस उसना नेतो," तो म्हणाला. "माल आला की नवा कोरा बसवतो." मास्तरांनी मान हलवली. तेव्हा फिटर खोटे बोलत नव्हता, हे मला त्याच्या बाजूने सांगितलेच पाहिजे.

माल आला. पण तोवर त्याला सोय कळली होती. नवा पाइप मापाने कापा, भोके पाडा, बसवा, यात अर्धा दिवस जातो. मी तर आयता मापाचा होतो. सकाळी मला चढवायचे, साहेबांचा फोटो झाला की संध्याकाळी उतरवायचे. गाडीत त्याने माझ्यासाठी वेगळी जागा केली, अंगाला फडके गुंडाळले. लोकांना वाटायचे, किती जपतो हा माणूस आपल्या सामानाला. जपत होताच. नवरीचे दागिने भाड्याने देणारा जपतो, तसा.

अशा तीसेक गच्च्या मी पाहिल्या. साहेब बहुतेक वेळा तेच. त्यांनी मला तीस वेळा पाहिले आणि प्रत्येक वेळी पहिल्यांदाच पाहिले. माझ्या अंगावर क्लिपांचे ओरखडेच ओरखडे झाले होते आणि निळा ओघळ तर प्रत्येक फोटोत होता. दोन फोटो शेजारी ठेवायचा अवकाश होता. पण फोटो काढणारा माणूस फोटो बघत नाही, हे मी तेव्हा शिकलो.

मग फिटरच्या सख्ख्या बहिणीच्या घरचे काम निघाले. ताई शिवणकाम करायची. खालच्या खोलीत तिचे मशीन होते आणि दिवसभर ते खडखडत असायचे. गच्चीवर कपडे वाळत घालायचा एक लोखंडी स्टँड होता, भाऊजींनी स्वतः वेल्डिंग करून बनवलेला. हौस दांडगी, त्यामुळे तो एवढा जड झाला होता की एकट्याला उचलायचा नाही. ताई तो उन्हाच्या मागे मागे ओढत न्यायची, आणि वाट नेमकी माझ्यावरून जायची.

मी बसलो त्या दिवशी स्टँडचा पाय खाडकन माझ्यावर आपटला. मला पोचा आला. आतल्या तारांना समजलेसुद्धा नाही. मित्रांनो, माझ्या आयुष्यातला तो एकच पोचा आहे ज्याचा मला अभिमान वाटतो.

संध्याकाळी फिटर क्लिपा सोडू लागला. ताई कपडे काढत होती.

"अरे, काढतोस कशाला?"

"उद्या दुसरीकडे साहेब यायचेत. परवा आणून बसवतो."

"विसरशील तू."

"तुझं काम विसरेन का मी, ताई?"

विसरला. परक्याच्या कामाला तगादा असतो, घरच्या कामाला उद्या असतो. ताईने दोनदा फोन केला. दोन्ही वेळा तो म्हणाला, "आलोच." तिसऱ्यांदा तिने केला नाही. भावाला वाटेल, बहीण सारखी मागे लागते. तिला तसे वाटू द्यायचे नव्हते.

पुढचे मी पाहिले नाही, कारण तेव्हा मी फडक्यात गुंडाळून गाडीत पडलो होतो. नंतर भाऊजी गाडीजवळ येऊन फिटरला रडत सांगत होते तेव्हा ऐकले. स्टँडचा धारदार पाय रोज त्या उघड्या तारांवरून जात होता. हळूहळू दोन्ही तारांचे वरचे कातडे कापले गेले. एका दुपारी ताई ओले कपडे पिळून आली आणि तारा वाटेतून बाजूला करायला तिने त्या दोन्ही उजव्या हाताच्या ओल्या मुठीत धरल्या. मूठ सुटेना. भाऊजींनी धावत खाली जाऊन मेन स्विच बंद केला. पण त्या तारा पॅनेलच्या होत्या, ऊन असेपर्यंत त्यांत वीज येतच राहते, आणि सूर्याला खालचा स्विच लागू नाही. ते परत वर आले तेव्हाही ती तशीच होती. शेवटी लाकडी स्टुलाने मारून त्यांनी तिचा हात सोडवला.

जीव वाचला. उजव्या हाताची दोन बोटे गेली, अंगठ्यात जोर उरला नाही. खालचे मशीन बंद पडले.

चौकशीच्या दिवशी फिटर सकाळीच मला घेऊन निघाला. साहेब येण्याआधी मला गुपचूप जागेवर बसवायचा त्याचा बेत होता. तो जिना चढून वर आला तर साहेब आधीच हजर. हातात फाइल, फाइलीत माझा फोटो. भाऊजी भिंतीला टेकून उभे होते. ताई खुर्चीवर होती, हात पांढऱ्या पट्टीत.

"फोटोत पाइप आहे," साहेब म्हणाले. "इथे दिसत नाही. काढला कोणी?"

फिटरने मला घट्ट धरले होते, त्याच्या तळव्याचा घाम मला लागत होता. माझा निळा ओघळ साहेबांच्या डोळ्यांसमोर, हातभर अंतरावर होता. मला तोंड असते तर मी तेव्हा बोललो असतो. पण ज्याला तोंड होते तो माणूसही गप्पच राहिला.

"आम्हीच काढला," ताई म्हणाली. "स्टँड सरकवायला अडत होता. हा आत्ता परत बसवायला आलाय."

भाऊजींनी चमकून तिच्याकडे पाहिले. तिने त्यांच्याकडे पाहिले नाही. साहेबांनी लिहून घेतले, घरच्यांचा निष्काळजीपणा. फिटरचे काम नियमाप्रमाणे होते, सोबत फोटो जोडला आहे. भाऊजींनी खाली सही केली. त्यांच्या सहीचे शेवटचे अक्षर कागदाबाहेर गेले.

साहेब गेल्यावर फिटर खाली बसला. "ताई," एवढेच तो म्हणाला.

"बसव आता," ती म्हणाली.

त्याने नव्या तारा ओढल्या, मला बसवले. चारच्या जागी आठ क्लिपा मारल्या. त्याच्या हातून एक स्क्रू तीनदा खाली पडला. सवयीने त्याने खिशातून मोबाइल काढला.

"फोटो नको काढूस," ताई म्हणाली आणि डाव्या हाताने कठडा धरून खाली गेली.

तेव्हापासून मी इथे आहे. ज्या कामासाठी जन्मलो ते काम मला अखेर मिळाले, पण कोणाच्या बोटांच्या बदल्यात मिळाले ते मला माहीत आहे. म्हणून मला आनंद झाला नाही, आणि होणारही नाही. फिटर आता प्रत्येक नव्या गच्चीवर नवा पाइप बसवतो म्हणे. जुन्या गच्च्यांवर मात्र तो गेला नाही. परत जायचे तर काय केले होते ते सांगावे लागते, आणि ते त्याच्याने होत नाही. त्याच्या बहिणीने त्याला वाचवले, पण त्या तीस घरांना वाचवायला कोणाची बहीण येणार?

म्हणून, मित्रांनो, माझे एवढे ऐका. गच्चीवर जाऊन दुरून बघा. पायात येणारी तार उघडी दिसली तर तिला हात लावू नका, तिच्यावरून काही ओढू नका, खालचा स्विच बंद आहे म्हणून निर्धास्त राहू नका. घरातल्या मोठ्यांना सांगा, आणि त्यांनी उद्या म्हटले तर आजच म्हणा. मग कपाटातली फाइल काढायला लावा. तिच्यात फोटो असेल. फोटोत जिन्याच्या दारासमोर एक पाइप असेल, त्याच्या टोकाला निळा ओघळ असेल.

तो मीच आहे, पण मी तुमच्या घरी नाही.