वयाच्या जागी आत्माराम

क्षितिजाला प्रिसिलाचं काहीच बघवत नव्हतं. वटारहून बस बदलत ती विरारला कॉम्प्युटर क्लासला यायची, तरी वेळेच्या आधी हजर. जावा शिकायला दोघींनी एकदमच सुरुवात केलेली. पण क्षितिजा व्हेरिएबलची व्याख्या पाठ करायची, आणि ही म्हणायची, "बरणी गं. लोणच्याच्या बरणीत रॉकेल ओततेस का? तसंच ते." वर्ग हसायचा, आणि वर्गाला समजायचंही. क्षितिजाचा नुसता जळफळाट व्हायचा.

त्यात चंद्रहास सरांनी सांगितलं, सकाळची नवशिक्यांची बॅच दोघींपैकी एकीला शिकवायला देणार. शनिवारी आपापला प्रोग्राम दाखवायचा: नाव विचारायचं, वय विचारायचं, नावानिशी नमस्कार करायचा. क्षितिजाने तर चंदनसारच्या आपल्या सोसायटीत 'मी आता टीचर' म्हणून सांगूनही टाकलं. बाजारात तुरी म्हणतात ते हेच.

शुक्रवारी प्रिसिला म्हणाली, "माझा जरा चालवून बघ ना."

क्षितिजाने कोड वाचला आणि तिच्या मनात उकळ्या फुटल्या. बाईने नाव घ्यायला 'नेक्स्ट' वापरलं होतं, आणि ते पहिल्या शब्दावरच थांबतं. तिने मुकाट्याने नुसतं 'क्षितिजा' टाइप केलं, वय टाकलं. नमस्कार आला.

"मस्त चालतोय," ती म्हणाली. खोटं तरी कुठे बोलली?

शनिवारी तिचा स्वतःचा प्रोग्राम सुरळीत पार पडला. मग प्रिसिलाचा. "नाव टाकायला कोण येतं?" असं सरांनी विचारायचा अवकाश, क्षितिजा खुर्चीत. शाळेपासून आपल्या हाताला वळणच असतं, नाव, वडिलांचं नाव, आडनाव. तिने ठोकलं: क्षितिजा आत्माराम घाग. प्रोग्राम वयासाठी थांबलाच नाही, सरळ आपटला. पडदाभर एररच्या ओळी. प्रिसिलाचे कान लाल झाले, आणि क्षितिजाला, उगाच कशाला लपवा, फार बरं वाटलं.

ते काही टिकलं नाही. प्रिसिला पडद्याकडे बघत राहिली आणि एकदम हसली. "अगं, तुझे बाबा वयात जाऊन बसले की." मग वर्गाकडे वळली. "नेक्स्ट एकच शब्द आत घेतं आणि दार लावतं. आत्माराम बाहेर ताटकळले. मी वयासाठी दार उघडलं, तर तेच आत शिरले. वयाला तर आकडा लागतो. सगळं नाव एकदम हवं, तर नेक्स्टलाइन." तिने तेवढंच बदललं आणि पुन्हा चालवलं. आता घागांपर्यंत सगळ्यांना नमस्कार झाला. मागच्या बाकावरची मुलंही उतरवून घेत होती.

"सोमवारपासून बॅच तुझी," सर तिला म्हणाले. मग क्षितिजाला म्हणाले, "तुझा चालला. पण का चालला, ते कुणाला कळलं?"

जिन्यात प्रिसिलाने तिला गाठलं. पिशवीतून घरी केळं वाळवून केलेलं सुकेळं काढून तिच्या हातावर ठेवलं. "काल नुसतं क्षितिजा टाकलंस, आज पूर्ण नाव. तुला कालच दिसलं होतं ना?"

"दिसलं होतं," क्षितिजा म्हणाली. "तू पडावीस म्हणूनच टाकलं."

"वाटलंच मला," प्रिसिला म्हणाली, आणि बस चुकेल म्हणून घाईने खाली उतरली. भांडली असती तरी चाललं असतं.

क्षितिजाने तिथेच उभं राहून सुकेळं खाल्लं. मेलं फार गोड होतं, आणि तिला त्याचाही राग आला.