शेटचा हापूस

खेड शहराबाहेर बाबाजीशेटची कलमांची बाग होती. पैसे द्यायची वेळ आली की शेटला कमी ऐकू यायचं. आमचा दादू त्याच्याकडं विक्रीला. पगार नाही, खपलेल्या हापूसच्या कलमामागं रुपया कमिशन. त्या रुपयापायी दादू डोकीवर पाटी घेऊन मंडणगडचे डोंगर चढला. तिकडं शेटला कोणी पाहिलं नव्हतं. लोकांनी दादूच्या तोंडाकडं बघून कलमं घेतली.

दादू कमिशन मागायला गेला तर शेट म्हणाला, आधी कलमं जगू देत. कलमं जगली. शेट म्हणाला, जगतं काय, गवतपण जगतं. आंबा धरला की ये. दादूनं दावा लावला. कोर्टानं तारखा देत देत झाडांना हवा तेवढा वेळ दिला.

शेवटी आंबा धरला, आणि निघाला रायवळ. इतका आंबट की वानरं एक चावून पलीकडच्या गावाला राहायला गेली. दादूला मंडणगडात तोंड दाखवायची सोय उरली नाही. तिथली सुंदराबाई तर अंगणातूनच सुरू करायची, "तुज्या तोंडाकडं बगून घेतली रे मेल्या मी कलमां!"

पण कोर्टाला आंबा धरल्याचा पुरावा हवा होता. दादूनं मान खाली घालून तिच्याकडंच टोपलीभर आंबे मागितले. तिनं दिले, आणि निम्मी वाडी घेऊन स्वतःही एस्टीत बसली.

टोपली कोर्टात टेबलावर आली. ती बघून शेटला शक्कल सुचली.

"सायेब, कमिशन हापसाचा ठरला व्हता. ह्यो तर रायवळ. मी कशाला देव?"

जज्जसाहेबांनी चष्मा पुसला. "म्हणजे हापूस सांगून तुम्ही रायवळ विकलात?"

शेटनं मागं वळून पाहिलं. मागं मंडणगड बसलं होतं.

"नाय सायेब. हापूसच हाय."

"मग खाऊन सांगा."

शेटनं खाल्ला. एक डोळा मिटला, कान हलले, आणि बऱ्याच वेळानं घशातून शब्द वर आला, "गोड."

कारकुनानं लिहून घेतलं: हापूस, गोड. दादूला कमिशन मिळालं, वर दाव्याचा खर्चही.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेटच्या दारात टोपल्यांची रांग लागली. पुढची टोपली दादूच्या डोकीवर, ह्या खेपेला फुकट. मागून सुंदराबाई म्हणाली, "शेट, कोर्टात हापूस बोललाव ना? मंग हापसाच्या भावानं घेवा."

शेटला लगेच कमी ऐकू यायला लागलं. पण बायका मंडणगडच्या. ह्या डोंगरावरून त्या डोंगरावर हाक मारणाऱ्या. सगळ्यांनी मिळून परत सांगितलं.