नऊ नंबरचे मशीन

गोरक्षने एक नंबरच्या मशीनमागे हात घालून स्पीकरची वायर चाचपली. परीक्षा सुरू व्हायला अकरा मिनिटे होती. समोर प्रज्ञा पांढरी काठी मांडीवर आडवी धरून बसली होती.

“सर, आवाज येत नाही. बिघडलाय का?”

“बिघडला नाही. मीच बंद केलाय.”

पाथर्डीच्या त्या संगणक केंद्रात बावीस मशीन होती आणि बाविसांनाही गोरक्षने आतून कुलूप घातले होते. पोरे गाणी लावतात म्हणून आवाज बंद. पडद्यावरची चित्रे बदलतात म्हणून पडद्याची सेटिंग बंद. पेन ड्राइव्ह तर जन्माचा बंद. उगाच नव्हते ते. मागच्या परीक्षेला एका पठ्ठ्याने पेन ड्राइव्हमधून उत्तरे आणली आणि वरून लेखी ताकीद आली, की पुन्हा कोणी उमेदवार ॲडमिनमध्ये, म्हणजे कुलपाच्या आत, शिरलेला दिसला तर परीक्षा केंद्रच रद्द. केंद्र गेले की गोरक्षची नोकरी गेली, आणि वाड्यावस्त्यांवरच्या उमेदवारांना परीक्षेसाठी थेट नगर गाठणे आले. दुधाने तोंड पोळले की माणूस ताकही फुंकून पितो. गोरक्षने ताक पिणेच सोडले होते.

आणि आज ही मुलगी जीपमधून एकटी उतरून आली होती. तिला पडदा दिसत नव्हता. मशीन वाचून दाखवील ते ऐकून ती पेपर सोडवणार होती. फॉर्ममध्ये तिने तसे लिहिलेही होते. तो रकाना गोरक्षने वाचलाच नव्हता.

त्याने ॲडमिनचा पासवर्ड टाकून आवाज मोकळा केला, वाचून दाखवणारी सोय चालू केली. मशीन खणखणीत बोलू लागले. हेडफोन जोडण्याआधीच परवानगी मागणारी आणखी एक चौकट पडद्यावर आली. घड्याळात सात मिनिटे उरली होती. घाम पुसत गोरक्षने भराभर बोटे चालवली, आणि मशीनने भर हॉलमध्ये एकेक अक्षर मोठ्याने म्हणायला सुरुवात केली.

“के. ए. एन. आय. एफ...”

त्याचा हात थांबेपर्यंत शेवटचा आकडा ‘वन’सुद्धा म्हणून झाला होता.

“सर,” प्रज्ञा हळूच म्हणाली, “पासवर्ड चुकून युजरच्या नावाच्या चौकटीत पडला वाटतं.”

मग मागच्या रांगेतून कोणीतरी आरोळी ठोकली,

“बोला, कानिफनाथ महाराज की जय!”

सगळे हसले. हे नाव तर तालुक्यात निम्म्या दुकानांच्या पाट्यांवर होते, पण तोच पासवर्ड आहे हे आता साऱ्या हॉलला कळले होते. तो बदलायचा तर एकेक मशीन उघडून बदलायला हवा होता आणि तेवढा वेळ नव्हता. त्याने प्रज्ञाच्या कानांवर हेडफोन चढवले, अकराचा ठोका पडताच पेपर सुरू केला आणि रांगांमधून फेऱ्या मारू लागला.

तो तास त्याला सरता सरेना. कोणाचे बोट कीबोर्डवर जरा रेंगाळले की तो लगेच तिकडे वळायचा. पोरे मान वर करून त्याच्याकडे बघत, आणि त्याला वाटे, ही मेली माझ्याच पासवर्डावर हसताहेत. नऊ नंबरवर अंगणवाडीच्या बनुबाई होत्या, पन्नाशीला टेकलेल्या. तिथे निदान थांबायची गरज नव्हती. तो सरळ पुढच्या पोरांकडे गेला.

पेपर संपला. प्रज्ञा सगळ्यांत शेवटी उठली. सगळे प्रश्न सोडवून झाले, म्हणाली, आणि काठी टेकवत जीपकडे गेली. गोरक्ष रजिस्टर घेऊन बसला. कोण किती वाजता ॲडमिनमधून आत शिरले याची नोंद प्रत्येक मशीन ठेवत असे, आणि परीक्षेनंतर ती तपासून रजिस्टरमध्ये लिहायचा नियम होता. एक नंबरची नोंद त्याचीच. दोन कोरे, तीन कोरे. आठपर्यंत सगळे कोरे निघाले तसा त्याचा जीव भांड्यात पडत चालला होता.

नऊ नंबरवर नोंद होती. ॲडमिन, अकरा वाजून सात मिनिटे.

त्याने वर पाहिले. सगळे गेले होते, बनुबाई मात्र दारात उभ्या होत्या.

“तुम्ही शिरलात यात?”

“व्हय, सर.” त्यांनी पदराचे टोक बोटाला गुंडाळले. “माजा पेपर रद्द व्हईल का?”

त्या आत जाऊन काय करून आल्या ते गोरक्षने उघडून पाहिले. एकच बदल झाला होता. अक्षरे मोठी केली होती, अंगठ्याएवढी.

त्याला आधी हायसे वाटले आणि मग संताप आला.

“अहो, तीन महिने इथं येताय! अक्षरं दिसत नाहीत तर मला सांगायचं होतं!”

“सांगितलं हुतं की. दिवाळीच्या आदी.” त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. “तुमी म्हनला, एकीसाठी बदललं तर समद्यांसाठी बदलावं लागंल. मंग न्हाई इचारलं परत.”

गोरक्षला ते आठवेना. आठवत नाही, हेच त्याला जास्त लागले. वाक्य मात्र त्याचेच होते. दिवसातून दोनदा तरी तो ते कोणाला ना कोणाला ऐकवायचा.

रजिस्टरमध्ये तीन रकाने होते: कोण, किती वाजता, कशासाठी. बनुबाईंचे नाव लिहिले तर त्यांचा पेपर गेला आणि केंद्रही गेले. काहीच लिहू नये, तर मशीनमध्ये नोंद होतीच. मग पहिल्या रकान्यात त्याने स्वतःचे नाव लिहिले, दुसऱ्यात अकरा वाजून सात मिनिटे. तिसऱ्या रकान्यात एक ओळ लिहून खाली सही केली.

“काय लिवलं, सर?”

त्याने रजिस्टर त्यांच्याकडे फिरवले. त्या वाकल्या, डोळे बारीक केले, आणखी वाकल्या. तेव्हा कुठे त्याच्या ध्यानात आले, आणि त्याने स्वतःच वाचून दाखवले,

“उमेदवाराने दिवाळीपूर्वी विनंती केली होती.”