पुलाच्या टोकाची खिडकी

स्टुडिओत सगळे तिला रबर म्हणत. नाव मालकांनी ठेवलेलं, आणि ते इतकं चपखल बसलं होतं की तिचं खरं नाव कुणी विचारलं तर बाकीच्यांना क्षणभर आठवावं लागे. तिचं कामच पुसण्याचं. कुठल्या कुठल्या रिसॉर्टचे फोटो तिच्या टेबलावरच्या मोठ्या पडद्यावर यायचे आणि तिने त्यातलं नको ते काढून टाकायचं. वाळूवर वाहून आलेलं शेवाळ, तडा गेलेली फरशी, विजेच्या तारा, कठड्यावर वाळत घातलेले टॉवेल, पोट सुटलेले पाहुणे, फावडं घेऊन उभा राहिलेला माळी. मग पाणी जरा निळं करायचं, आभाळ जरा धुऊन घ्यायचं, आणि माड सरळ असेल तर त्याला वाकवायचं. सरळ माडाचं बेट विकलं जात नाही, असं मालकांचं ठाम मत होतं.

अशी किती बेटं तिच्या हाताखालून गेली असतील देव जाणे. स्वतः मात्र ती एकाही बेटावर गेली नव्हती. दुपारी सगळे जेवायला उठले की ती एकटीच पडद्यासमोर बसून राहायची. खोलीत निळसर उजेड पसरायचा, भिंत निळी, चहाचा कप निळा, स्वतःची बोटंही निळी. अशा वेळी तिला वाटायचं, आपण टेबलाशी बसलेलोच नाही, पाण्याखाली कुठेतरी तरंगतोय आणि वरून कुणीतरी हळूच हाक मारतंय. हाक मारणारे बहुधा मालक असायचे, आणि त्यांना फोटो हवे असायचे.

समुद्र रंगवायचा आणि पाण्याला भ्यायचं, हे काही शोभत नाही, म्हणून ती एका वर्षी पोहायला शिकायला गेली. तलाव बंदिस्त होता, काचेच्या छपराचा. पहिल्या दिवशी ती शिडीला घोरपडीसारखी चिकटून बसली.

"खोल आहे का हो?" तिने विचारलं.

दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, छे, काही खोल नाही, या बिनधास्त. शिकवणाऱ्या मास्तरांनी तसं केलं नाही. "खोल आहे," ते म्हणाले. "तुमच्या डोक्यावरून पाणी जाईल. पण मी इथं आहे."

मास्तर सगळ्यांना हेच सांगत. पाच वर्षांच्या पोरांनाही आणि सत्तरीच्या आजोबांनाही. आधी खोली खरी सांगायची, मग हात पुढे करायचा. दिवसभर खोटं आभाळ धुणाऱ्या बाईला याचं केवढं अप्रूप वाटलं असेल, याचा विचार करा. तिथंच तिची विकेट पडली. पोहणं शिकायला मात्र तिने मुद्दाम वेळ लावला, असं तिची आत्या आजही चारचौघांत सांगते.

ही आत्या म्हणजे घरातलं दुसरं माणूस. वडील गेल्यावर भाची एकटी पडली हे बघून काही महिन्यांनी ती आपलं बिऱ्हाड उचलून इथे आली आणि मग परत गेलीच नाही. तिची जीभ तिखट आणि झोप सावध.

लग्न ठरलं. सह्या करून मोकळं व्हायचं, मांडव नाही, जेवणावळ नाही, रुसायला पाहुणेच नाहीत. हौस एकच करायची, बेटावरचा हनिमून. आणि तो करायचाच तर साधासुधा नाही, मऊ मऊ टॉवेलांचा आणि पायांखाली पाणी दिसणाऱ्या कॉटेजचा. म्हणून रोज संध्याकाळी तलाव बंद झाला की मास्तर तिच्या घरी येत, केस ओलेच असत, आणि दोघं कोचावर बसून बेटं निवडत. म्हणजे मास्तर निवडत, आणि ती मोडीत काढत असे.

"हे बघ किती सुंदर आहे," मास्तर म्हणत.

"हे पाणी माझं आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे निळं मी केलंय. मूळचं भांडी धुतल्यासारखं होतं."

"बरं, मग हे? ही हिरवी टेकडी तरी खरी असेल."

"टेकडी खरी आहे. पण ती दुसऱ्या बेटावरची. इथे मागे सिमेंटचा कारखाना आहे, तो झाकायला मी ती आणून ठेवली."

मास्तर हसत, आणि पुढचं पान उलटत. असे कित्येक दिवस गेले. आत्या पलीकडे स्वेटर विणत बसलेली असायची. एकदा तिला राहवलं नाही. "अगं बाई, अशाने तुमचा हनिमून या कोचावरच व्हायचा. मग मी कुठे जाऊ, तेवढं आधी सांगून ठेवा."

पण हसण्यावारी नेलं तरी रबरला ते सलत होतं. तिला कुठलंच बेट बेट म्हणून दिसत नव्हतं. प्रत्येकाच्या खाली तिला पुसलेलं काहीतरी दिसत होतं. जन्मभर तलावातच पोहलेल्या ज्या माणसाला आता पहिल्यांदा समुद्रात पोहायचंय, त्याला आपण एकेक समुद्र हिरावून घेतोय, हेही तिला कळत होतं. पण जीभ काही थांबत नव्हती.

आणि मग एका संध्याकाळी मास्तर एक कागद घडी न घालता, दोन पुठ्ठ्यांमध्ये जपून घेऊन आले. तलावाच्या ऑफिसात कुणीतरी टाकून दिलेल्या माहितीपत्रकातला. "आता यात खोट काढू नकोस," ते म्हणाले. "मला दुसरीकडे कुठे जायचंच नाहीये."

संध्याकाळचा समुद्र होता, जांभळट. पाण्यावरून एक लाकडी पूल लांबवर गेला होता आणि टोकाला एकच कॉटेज. तिच्या पुलाकडच्या भिंतीला एक छोटीशी खिडकी, आणि खिडकीत दिवा लागलेला. पिवळा, घरगुती उजेड.

"बाकीच्या सगळ्या फोटोंत कसं, कुणी नसतंच," मास्तर म्हणाले. "इथे कुणीतरी आपली वाट बघतंय. पुलावरून चालत जायचं, आणि दिवा आधीच लागलेला."

रबरने कागद हातात घेतला आणि उजेडाशी धरला.

खिडकी तिचीच होती. वडील गेले त्या वर्षीची गोष्ट. वडील असेपर्यंत ते तिन्हीसांजेला स्वयंपाकघराच्या खिडकीशी दिवा लावून ठेवत, म्हणजे ती कामावरून येताना गल्लीच्या कोपऱ्यावरूनच तिला तो दिसे. ते गेल्यावर खिडकी काळी. रोज कोपरा वळायचा आणि काळी खिडकी बघायची. तेव्हा आत्या अजून यायची होती. अशाच एका संध्याकाळी, घरी जायचा कंटाळा करत ती स्टुडिओत बसली असताना हा फोटो आला होता. कॉटेजच्या त्या भिंतीला खिडकी नव्हतीच. होता एक जाडजूड पाण्याचा पाइप, आणि त्याखाली ओघळलेला गंजाचा डाग. तिने पाइप पुसला, डाग पुसला, आणि मोकळी भिंत बघता बघता हात आपोआप चालू लागला. दोन तावदानं, अर्धवट ओढलेला पडदा, थेट त्यांच्या स्वयंपाकघराची खिडकी. मग तिने आत दिवा लावला. सकाळी मालक म्हणाले, "खिडकी कुणी मागितली होती गं?" मग जरा वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "असू दे. बरी दिसतेय."

हे सगळं सांगायला तिने तोंड उघडलं, आणि मास्तरांच्या चेहऱ्याकडे बघितलं. त्यांनी आजवर तिच्याकडे काहीच मागितलं नव्हतं.

"छान आहे," ती म्हणाली.

आत्याच्या सुया थांबल्या. "छान? हिच्या तोंडून?"

मास्तर गेल्यावर आत्याने तिला धारेवर धरलं आणि सगळं वदवून घेतलं. "मग सांगून टाक की," ती म्हणाली. "तो काय तुला खाणार आहे?"

"त्याला ती खिडकीच आवडलीये, आत्या. बाकी काही नाही."

"म्हणूनच सांग. तिथे जाऊन भिंत बघण्यापेक्षा इथे कोचावर ऐकलेलं बरं."

दुसऱ्या दिवशी ती सांगायचं ठरवूनच तलावावर गेली. तर मास्तरांनी तो कागद आपली शिट्टी टांगायच्या खिळ्याशेजारी लावलेला. पोहायला आलेले एक आजोबा त्याच्यापुढे निथळत उभे होते आणि मास्तर त्यांना बोट दाखवून सांगत होते, हा पूल, आणि हा दिवा. ती तशीच परत फिरली. रिसॉर्टला तिने गुपचूप फोन मात्र केला, पुलाच्या बाजूला खिडकी आहे का म्हणून. पलीकडून एक गोड आवाज म्हणाला, त्या बाजूला भिंतच आहे मॅडम, पण समुद्राच्या बाजूला भरपूर काच आहे. ती "बरं" म्हणाली, आणि तीच कॉटेज ठरवून मोकळी झाली. हजार समुद्रांना नावं ठेवणारी बाई स्वतःच्या खिडकीपुढे मूग गिळून बसली.

सह्या झाल्या. आत्याने डोळे पुसले आणि ते कांद्याने नाही हेही सांगितलं. मग विमान, मग एक छोटं विमान, मग होडी. होडी संथ चालली होती आणि पाणी खरोखरच निळं होतं, तिने कधी केलं नसेल इतकं. मास्तर हात खाली सोडून बोटांनी पाणी कापत बसले होते, तोंड लहान मुलासारखं उघडं. आजूबाजूला सगळं इतकं हलकं, इतकं तरंगतं झालं होतं की तिला वाटलं, आपण त्या दुपारच्या निळ्या खोलीतच आहोत आणि आता कुणीही हाक मारू नये. किनाऱ्याला शेवाळ होतं. फावडं घेतलेला माळीही होता, आणि त्याने हात हलवला.

पुलापाशी पोचले तेव्हा दिवस मावळत होता. आभाळ जांभळट, फोटोतल्यासारखंच. मास्तर बॅगा घेऊन पुढे निघाले, भराभर. ती मागे, पाय ओढत. फळ्यांखाली पाणी डुचमळत होतं. अर्ध्या पुलावर मास्तर थांबले.

समोर भिंत होती. भिंतीवर पाइप, आणि पाइपाखाली तो गंजाचा डाग, आता आणखी लांब झालेला.

"दुसरी कॉटेज असेल," मास्तर म्हणाले.

"हीच आहे," ती म्हणाली. "फोटोत खिडकी मी रंगवली होती."

त्यांनी बॅगा खाली ठेवल्या. "तुला माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

"बाकीच्या सगळ्यांचं सांगितलंस. पाणी, टेकडी, कारखाना. आणि याच्याबद्दल गप्प बसलीस?" आवाज चढला नाही, पण त्यात असं काही होतं की तिला शिडी सोडून थेट खोल पाण्यात पडल्यासारखं झालं. "मी लोकांना दाखवत फिरत होतो. तू बघत होतीस."

मग तिने सांगितलं. वडिलांचा दिवा, गल्लीचा कोपरा, काळी खिडकी, आणि घरी जाववत नव्हतं ती संध्याकाळ. सगळं उलटसुलट सांगितलं, मध्येच रडून घेतलं. "तू म्हणालास, कुणीतरी वाट बघतंय. तिथे कुणी नव्हतं रे. मीच बाहेर उभी होते आणि मलाच आत कुणीतरी हवं होतं. ते तुला पहिल्याच नजरेत दिसलं, आणि मग मला ते पुसता येईना."

मास्तरांनी बॅगा उचलल्या. "तू इथंच थांब," ते म्हणाले, आणि कॉटेजच्या कोपऱ्यावरून वळून दिसेनासे झाले.

ती थांबली. अंधार पाण्यातून वर येत होता. दार उघडल्याचा आवाज झाला, मग काहीच नाही. आता ते बाहेर येणारच नाहीत, असं तिच्या मनाने घेतलं. आपण एका माणसाला आयुष्यभर पुरेल असं काहीतरी दाखवलं आणि ते काढून घेतलं. भिंत हळूहळू काळी होत गेली, गल्लीच्या कोपऱ्यावरून दिसायची तशी.

मग कोपऱ्याशी काहीतरी खरवडलं. मास्तर एक स्टूल ओढत होते. स्टूल त्यांनी भिंतीला लावून ठेवलं, नेमकं पाइपाखाली, आणि आत जाऊन पलंगाशेजारचा दिवा आणला. वायर जेमतेम पुरत होती. ती ताणून, दिवा एका हाताने सांभाळत, त्यांनी बटण दाबलं.

पिवळा, घरगुती उजेड पाण्यावर पसरला.

"खिडकी नाहीये इथं," मास्तर तिथूनच म्हणाले. "पण मी आहे."

दिव्याच्या उजेडात पाइप लख्ख दिसत होता, आणि डागही, ओघळाच्या शेवटच्या टोकापर्यंत. सवयीने तिचं बोट तो पुसायला हलकेच उचललं गेलं. मग तिने हात खाली घेतला आणि ती चालू लागली.