सातवी फळी

छत्रीवाल्या काकूंना माणूस पहिल्या भेटीतच खटकला, कारण त्याने भाडं विचारलं नाही.

भर बाजारपेठेतली ती दगडी इमारत सव्वाशे वर्षांची. वर काकूंच्या दोन खोल्या आणि खाली छत्र्यांचं दुकान. काका गेल्यापासून ते बंदच होतं. जुन्या इमारती जपणाऱ्या कचेरीने नोटीस धाडली होती की महिनाअखेर तळमजल्यावर धंदा सुरू झाला नाही, तर कचेरी स्वतःच भाडेकरू आणून बसवेल. म्हणजे आपल्या दुकानात कोण बसणार, हे टेबलामागचा कारकून ठरवणार. काकूंची झोप उडाली ती त्यामुळे.

दलालाने चार गिऱ्हाइकं आणली, पण फळ्या पाहून चारही पळाली. दुकानाला शटर नव्हतं. नऊ उभ्या लाकडी फळ्या खाचेत एकेक सरकवायच्या, तेव्हा दुकान बंद व्हायचं, आणि त्या बदलायला कचेरीची सक्त मनाई होती. त्यात गोम अशी की फळ्यांवर एक ते नऊ आकडे कोरलेले असले तरी त्या आकड्यांप्रमाणे बसत नसत. एका दमट वर्षी चौथी आणि सातवी फुगल्या. सासऱ्यांनी त्या तासल्या आणि एकमेकींच्या जागी बसवल्या, पण आकडे मुद्दाम तसेच ठेवले. चोराने फळ्या काढल्या तरी परत लावता येऊ नयेत, हा त्यांचा हिशोब. फळ्या काढलेला चोर त्या परत कशाला लावत बसेल, हे त्यांना विचारायची घरात कुणाची छाती नव्हती.

हा पाचवा माणूस बाइंडर होता. वह्या-पुस्तकं बांधणारा, चाळिशीचा, बोटांना खळीचे डाग. मोरी कुठे, मीटर कुणाचं, काही विचारलं नाही. दुकानात शिरला तो सरळ गल्ल्याच्या मागे गेला आणि खिडकीखालच्या दगडी ओट्यावर तळवा टेकून उभा राहिला. दुसऱ्या खेपेला पुन्हा तेच. काकूंनी दलालाला बाजूला घेऊन सांगितलं, की हा शेजारच्या हॉटेलवाल्याचा माणूस असणार. आधी हा शिरेल, मग भिंत पाडून हॉटेल शिरेल.

"काकू, दुधाने तोंड पोळलंय म्हणून ताक फुंकता, ते ठीक. तुम्ही तर पाणीसुद्धा फुंकताय," दलाल म्हणाला.

तिसऱ्या खेपेला निघताना दिवेलागण झाली होती. काकूंच्या गुडघ्याने दगा दिला, तेव्हा बाइंडर म्हणाला, मी लावतो फळ्या. काकू बाजूला सरकल्या. सगळे चौथ्या जागी अडतात, हाही अडेल आणि घामाघूम होईल, म्हणून बघत राहिल्या. त्याने एक, दोन, तीन सरकवल्या. मग चौथीकडे न बघता हात लांब करून सातवी उचलली.

काकूंनी पुढे होऊन फळीवरचा आकडा पाहिला. सातच होता.

ही खूण जगात तिघांनाच ठाऊक होती. काका, काकू आणि नणंद. नणंद म्हणजे काकांची धाकटी बहीण. खिडकीखालच्या त्या ओट्यावर बसून ती छत्र्यांचं कापड शिवायची, आणि तिच्या टाक्यातून पाणी कधी गळलं नाही. सासरे गेल्यावर तिने अर्धं दुकान मागितलं. काका अर्धे कबूल झालेही होते. तेव्हा नव्या नवरीचा तोरा मिरवणाऱ्या काकूच बोलून गेल्या होत्या, "उद्या दुसऱ्याच्या घरी जाणारीचं दुकानात काय काम?" नणंद त्याच आठवड्यात गाव सोडून गेली. पुढे तिचं लग्न कुणाशी झालं, हेही कुणी कळवलं नाही. या गोष्टीला पंचेचाळीस वर्षं झाली.

दुसऱ्या दिवशी वरच्या खोलीत भाडेकराराचे कागद टेबलावर होते. दलाल पेन पुढे करत होता. काकूंनी ते घेतलं नाही.

"सातवी चौथ्या जागी जाते, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

बाइंडरने कप खाली ठेवला. "आईनं."

"तिनं पाठवलं?"

"नाही. ती म्हणाली होती, जाऊ नकोस, मामी तुला दारात उभं करणार नाही."

"म्हणून सांगितलं नाहीत."

"मामी, सांगितलं असतं तर फळ्यांपर्यंत तरी पोचलो असतो का?"

तो खरं बोलत होता, त्याचा काकूंना रागच आला. आज भाडेकरू म्हणून येईल, उद्या वाटणी मागेल. शिवाय त्याच्याकडूनच कळलं, आई त्याच्याजवळच राहत होती, दोन गल्ल्या पलीकडे, तीन महिन्यांपासून. तीन महिने. भाजी घेताना ती आपल्याला लांबून बघत असेल का? दलालाने हळूच नोटिशीची आठवण करून दिली. काकूंनी करार पहिल्यापासून पुन्हा वाचला, समासातलं सुद्धा. मग म्हणाल्या, "तीन वर्षं. आणि एक अट लिहा. सातवी फळी रात्री दुकान बंद करण्यापुरती खाली येईल. दिवसा ती माझ्याकडे वर राहील."

"म्हणजे रोज मागायला यायचं?" बाइंडरने विचारलं.

"तू नाही. तिनं."

दलालाने कपाळाला हात लावला, पण लिहिलं.

महिनाअखेरीला दुकान उघडलं. दिवसभर खालून खळीचा वास आणि कागद दाबायच्या यंत्राची कुरकुर वर येत होती. फळी काकूंच्या दारामागे टेकून उभी होती. ती येणार नाही, याची काकूंना खात्री होती. मग करार मोडला म्हणायला आपण मोकळ्या. तरी त्यांनी कडी दुपारीच काढून ठेवली होती.

संध्याकाळी जिन्यावर पावलं वाजली. दर पायरीवर दोन्ही पाय टेकवत कुणीतरी येत होतं. दारात एक पांढऱ्या केसांची बाई धापा टाकत थांबली.

"फळी दे, वहिनी. दुकान उघडं पडलंय."

काकूंनी तिच्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. उजव्या हाताच्या मधल्या बोटावर अजून सुईचा घट्टा होता.

"एकटीला पेलायची नाही तुला," त्या म्हणाल्या. "मागचं टोक धर."

पुढचं टोक त्यांनी स्वतः घेतलं. तिच्याकडे पाठ करून उतरायचा धीर मात्र झाला नाही. म्हणून काकू उलट्याच, एकेक पायरी टाचेने चाचपत, नणंदेवर नजर ठेवून जिना उतरू लागल्या.