आडोशाची भिंत

तांबवडी हे कृष्णाकाठचं गाव, सांगली जिल्ह्याच्या अगदी कडेला. पलीकडच्या शिवारात गेलं की सातारा जिल्हा लागतो. गावाबाहेर ओढ्याच्या अंगाला निवडुंगाची आणि घाणेरीची दाट झाडी होती. पहाटे आणि दिवेलागणीला गावच्या बायका तिकडे जात. त्या जागेला नाव नव्हतं. 'तिकडं जाऊन येते' एवढं म्हटलं की घरातल्यांना कळायचं.

पासष्ट सालच्या उसाच्या हंगामात सरपंच नानासो यांनी ती झाडी तोडून टाकली आणि तिथं उसाच्या गाड्यांचा अड्डा केला. कारखान्याकडे ऊस न्यायची सोय झाली म्हणून गावानं त्यांचं कौतुक केलं. बायकांना आता कुठे जायचं, हे कुणी विचारलं नाही आणि बायकांनीही सांगितलं नाही. असलं काही चावडीवर बोलायचं तरी कसं? कुणी उसाच्या फडात शिरायची, तर राखणदार लांबून खाकरायचा. कुणी पार नदीपर्यंत चालत जायची. दिवसा पोट बिघडलं तर बाई रडकुंडीला यायची.

राहीबाईंची अडचण इतरांसारखीच होती. त्यांचा नवरा जोतीराम पलटणीत होता आणि पाकिस्तानशी चाललेली लढाई थांबली तरी त्याला सुट्टी मिळाली नव्हती. घरात त्या आणि सासू चंद्राबाई. शेत वाट्यानं लावलेलं. राहीबाई चौथीपर्यंत शिकलेल्या होत्या आणि माहेरची सवय म्हणून स्पष्ट बोलायच्या. त्यामुळे पुढच्या वर्षी ग्रामपंचायतीच्या निवडणुका लागल्या तेव्हा आप्पासाहेब त्यांच्या दारात आले.

आप्पासाहेब हे गावातले लाल बावट्याचे पुढारी. काँग्रेसच्या बैलजोडीवाल्या नानासोंशी त्यांचं हाडवैर. मिरवणुकीपासून तमाशापर्यंत दोघांचं सगळं वेगळं असायचं. ते सोप्यात बसले आणि म्हणाले, "वैनी, बायकांच्या जागंवर तुमी हुबं ऱ्हावा. जोतीराम देशासाठी लढतोय, तुमाला कोण न्हाई म्हनंल?"

राहीबाई चौकटीला टेकून म्हणाल्या, "ऱ्हाते. पर माजं एक काम हाय."

"बोला की."

"ओढ्याकडं बायकांसाठी भित पायजे. आडुसा. डोक्याइतकी उच."

आप्पासाहेब जरा चपापले. मग जमिनीकडे बघत म्हणाले, "ह्या नानासोला बायकांची लाजच न्हाई. पयल्या मिटिंगला ठराव घालू. शब्द देतो."

आतून चंद्राबाई म्हणाल्या, "आप्पा, शबुद चुलीवर शिजत न्हाई बाबा."

"काकी, माज्यावर सोडा," आप्पासाहेब म्हणाले.

राहीबाई घरोघर फिरल्या. पुरुष सोप्यात असले की त्या विहिरीचं आणि रस्त्याचं बोलायच्या आणि मागच्या परड्यात बायकांपुढे भिंतीचं. बायकांनी मतं दिली. निकाल लागला तेव्हा अकरा मेंबरांत लाल बावट्याचे सहा आणि बैलजोडीचे पाच निवडून आले होते. राहीबाई सहांत होत्या. बायकांची दुसरी जागा नानासोंच्या भावजयीनं, बयाबाईंनी जिंकली होती.

सरपंच मेंबरांच्या मतांवर ठरणार होता. एक जरी माणूस फुटला तरी डाव उलटणार, म्हणून आप्पासाहेबांनी आपल्या मेंबरांना गावाबाहेर ठेवायचं ठरवलं. ते स्वतः मेंबरकीला उभे नव्हते, ते गावातच थांबणार होते. पाटणच्या पुढे कोयनेच्या खोऱ्यात त्यांच्या बहिणीच्या सासरचं शेतघर होतं. गुळाचा एक ट्रक ठरला. पाच पुरुषांत एकटी बाई कशी पाठवायची म्हणून चंद्राबाईही लुगडं बदलून ट्रकमध्ये चढल्या. ड्रायव्हरशेजारी सासू-सून बसल्या, मागे पुरुष. कराडजवळचं मलकापूर मागे पडलं आणि ट्रक पाटणच्या रस्त्याला लागला तेव्हा राहीबाईंना वाटलं, एवढा खटाटोप चाललाय म्हणजे आपल्या मताला काहीतरी किंमत आहे.

शेतघरात पोचल्यावर आप्पासाहेबांचा चुलतभाऊ केरू, जो स्वतः मेंबर होता, म्हणाला, "वैनी, पीठ-मीठ समदं हाय हितं. आता तुमी जाणा आनि चूल जाणं."

राहीबाईंनी पदर खोचला आणि त्या चुलीपुढे बसल्या. त्यानंतर तेच त्यांचं काम झालं. मेंबर पत्ते खेळायचे, ओढ्यात डुंबायचे, राजकारणावर बोलायचे आणि हाक मारायचे, "वैनी, च्या." दुसऱ्या दिवशी चंद्राबाई पीठ मळता मळता म्हणाल्या, "मेंबर झालीस म्हनं. घरात दोगींचा सैपाक करत व्हतीस, हितं पंगत उठवतीस."

"आत्या, आता नगा बोलू," राहीबाई म्हणाल्या. त्यांच्या मनातही तेच चाललं होतं.

जेवणाच्या वेळी आणखी एक गोष्ट झाली. राखीव जागेवर निवडून आलेले हरिबा हे सहावे मेंबर. त्यांच्या आळीनं बौद्ध धम्म घेतल्याला कैक वर्षं झाली होती. तरी शेतघराच्या मालकानं पहिल्या दिवसापासून त्यांचं पान बाहेर ओट्यावर मांडायला सांगितलं. लाल बावट्याच्या सभेत सगळे एका सतरंजीवर बसायचे, आणि इथं हे. राहीबाईंनी तिसऱ्या दिवशी हरिबांचं ताट आतल्या पंगतीत ठेवलं. घरमालकाचा चेहरा बदलला. केरू म्हणाला, "आसूं द्या की भाईर. वारं लागतंय त्येला."

हरिबा उठले आणि स्वतःच ताट घेऊन ओट्यावर गेले. राहीबाई भाजीची पळी हातात घेऊन उभ्या राहिल्या. नंतर पाणी द्यायला ओट्यावर गेल्या तेव्हा हरिबा म्हणाले, "ताई, तुमी वाईट वाटून घेऊ नगा. हे आमाला रोजचं हाय." मग तांब्या खाली ठेवून म्हणाले, "तुमचं भितीचं कानावर आलंय. आमच्या आळीच्या बायास्नी तर पयल्यापासनं वढ्यापल्याड जावं लागतंय. भित झाली तर त्येंनाबी येऊ देणार का?"

राहीबाईंनी याचा विचारच केला नव्हता. त्या प्रामाणिकपणे म्हणाल्या, "न्हाई सांगता येत. पर मी मिटिंगला म्हनंन."

त्यांनी भिंतीची गोष्ट बाकीच्यांपुढेही काढली. केरू हसला. दुसरा एक मेंबर धोंडीबा पत्ते पिसत म्हणाला, "आवं वैनी, आदी आपला सरपंच तर हुंद्या. मग भित बांधू, न्हाईतर किल्ला बांधू." सगळे हसले. राहीबाईंचे कान तापले. त्या आत गेल्या आणि भांडी घासत बसल्या. नुसती भिंत म्हटलं तरी ज्यांना हसू येतं, ते ठराव कसला करणार, असं त्यांच्या मनात आलं.

पाटणच्या बाजाराला धोंडीबा तंबाखू आणायला गेला आणि दुपारीच उतरलेल्या चेहऱ्यानं परत आला.

"हाटिलात एकजन पेपर वाचून दावत व्हता," तो म्हणाला. "आप्पासाहेब काँग्रेसमदी गेलं. कराडात सभा झाली. हार घातलं."

केरू म्हणाला, "दुसरं कुनी आसंल."

"तांबवडीचं आप्पासाहेब, आसं छापलंय."

त्या दिवशी कुणी पत्ते खेळलं नाही. भांडण करायलाही समोर कुणी नव्हतं. केरू सारखा रस्त्याकडे बघत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पासाहेब स्वतः जीप घेऊन आले. पुढे काँग्रेसचा तिरंगा लावलेला होता. ते कट्ट्यावर बसले, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि सगळ्यांना बोलावलं.

"तुमी चिडला आसणार," ते म्हणाले. "चिडायचाच तुमचा हक हाय. पर गड्यांनू, इचार करा. धरण झालं, ईज आली, कारखानं निघालं. राज्य बदलाय लागलंय. हे समदं कुनाच्या हातनं येतंय? आमी धा वर्सं इरोदात बसलो. मोर्चे काढलं, लाठ्या खाल्ल्या. तांबवडीला काय मिळालं? आता मला कारखान्याच्या बोर्डावर घेत्यात. पाण्याच्या स्कीमवर माज्या हातानं सही हुईल. ह्यात गावाचं वाईट काय हाय?"

केरू म्हणाला, "मग सरपंच कोन?"

"नानासोच. बिनविरोध करायचं ठरलंय."

राहीबाई दाराशी उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "आनि भित?"

"वैनी, आता आपून आनि नानासो एकच हाय. त्येंना सांगू."

"झाडी त्येंनीच तोडली. तवा तुमीच माज्या सोप्यात बसून म्हनला व्हता, ह्या मानसाला बायकांची लाज न्हाई."

आप्पासाहेबांनी टोपी डोक्यावर घातली. "तवाचं तवा व्हतं," ते म्हणाले.

जीपमधून सगळे गावाला परत आले. वाटेत धोंडीबा आप्पासाहेबांना पाण्याच्या स्कीमबद्दल विचारत होता. कराड येईपर्यंत केरूही बोलायला लागला. राहीबाईंना सगळ्यात जास्त राग या गोष्टीचाच आला. काल ज्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं, ते आज नव्या घरी पाहुणे म्हणून आल्यासारखे सावरून बसले होते. आपण काय करणार, हे त्यांना ठाऊक नव्हतं. फक्त नानासोंसाठी हात वर करायचा नाही, एवढं पक्कं होतं.

सरपंच निवडायच्या दिवशी चावडी भरली होती. तालुक्याचे अधिकारी टेबलापाशी बसले होते. आप्पासाहेबांच्या सांगण्यावरून केरूनं नानासोंचं नाव सुचवलं. अधिकाऱ्यांनी रिवाजाप्रमाणे विचारलं, "आणखी कुणाचं नाव आहे का?" आणि उत्तराची वाट न बघता टाक उचलला.

"हाय," राहीबाई म्हणाल्या. "माजं घ्या."

नानासो वळून बघू लागले. अधिकारी समजावणीच्या सुरात म्हणाले, "बाई, स्वतःचं नाव स्वतःला देता येत नाही. दुसऱ्या मेंबरानं सुचवावं लागतं."

राहीबाईंनी धोंडीबाकडे पाहिलं. तो छताकडे बघत होता. बयाबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. मग भिंतीकडेला बसलेले हरिबा उठले आणि म्हणाले, "मी सुचिवतो."

हात वर करून मतं झाली. राहीबाईंच्या बाजूनं त्यांचा स्वतःचा आणि हरिबांचा, असे दोनच हात उठले. नानासोंच्या वेळी बयाबाईंचा हात लगेच वर आला नाही. अधिकाऱ्यांनी त्यांचं नाव घेऊन विचारलं. नानासो खाकरले. बयाबाईंनी मान खाली घालून हात वर केला. नऊ विरुद्ध दोन. हलगी वाजायला लागली.

चावडीबाहेर आप्पासाहेब राहीबाईंना गाठून म्हणाले, "वैनी, हे बरं न्हाई केलंत. बिनविरोधाची शोभा गेली."

"माजी तर कवाच गेली," राहीबाई म्हणाल्या आणि घरी आल्या. हरिबांच्या दोन भावांना पुढच्या हंगामात नानासोंच्या मळ्यात तोडणीचं काम मिळालं नाही. राहीबाईंना हे कळलं तेव्हा त्या हरिबांच्या घरी गेल्या. हरिबांनी चहा पाजला आणि ते पावसापाण्याचं बोलत राहिले.

भिंतीचा विषय राहीबाई दर मिटिंगला काढत. नानासो "पुढच्या खेपंला बगू" म्हणत. सदुसष्टची आमदारकीची निवडणूक जवळ आली तेव्हा मात्र एकाएकी दगड येऊन पडले. गवंडी लागले. थोड्याच दिवसांत अड्ड्याच्या कडेला भिंत उभी राहिली आणि तिच्यावर नानासो व आप्पासाहेब यांच्या नावांची फरशी बसली. राहीबाई बघायला गेल्या. भिंत त्यांच्या कमरेपर्यंत होती.

"ह्येच्यावर न्हाई व्हय?" त्यांनी गवंड्याला विचारलं.

"एवड्याचाच हुकूम हाय," तो म्हणाला.

बसली की बाई झाकली जायची आणि उठली की सगळ्या गाडीवानांना दिसायची. आठवड्याभरात बायका राहीबाईंच्या दारात आल्या. मनुबाई नावाची शेजारीण म्हणाली, "तू मेंबर, आनि एवडीच भित बांधलीस? आमी तुला मतं दिली ती ह्यासाठी?" राहीबाईंनी सगळं सांगायला सुरुवात केली आणि मधेच थांबल्या. नऊ विरुद्ध दोनचा हिशेब मनुबाईला कशाला सांगायचा? तिची अडचण तर तशीच होती.

प्रचाराला नानासो आणि आप्पासाहेब दोघं मिळून आले. बैलजोडीचे बिल्ले सदऱ्यावर लावलेले. आप्पासाहेब म्हणाले, "वैनी, आळीच्या बाया घेऊन फेरीत फुडं चला. भित झाली, शबुद पाळला."

राहीबाई बोलायच्या आत चंद्राबाई काठी टेकत बाहेर आल्या.

"आप्पा, तू माज्यापुढं रांगलेला हायस," त्या म्हणाल्या. "नाना, तूबी. चला दोगं माज्यासंगट. त्या भितीमागं बसा, आनि मग उटून धोतर नेसा. मी गाडीतळावर हुबी ऱ्हाते. दिसलात न्हाई, तर माजं मत तुमाला."

बरोबरची माणसं इकडेतिकडे बघायला लागली. नानासो पुढच्या घराकडे वळले. आप्पासाहेब क्षणभर रेंगाळले. "काकी, हुईल हळूहळू," ते म्हणाले आणि तेही गेले.

मतदानाच्या दिवशी राहीबाई रांगेत उभ्या राहिल्या. या वेळी लाल बावट्याचा उमेदवार बाहेरचा होता, त्याला तांबवडीत कुणी बघितलंही नव्हतं. शिक्का कुठे मारला ते त्यांनी सासूलाही सांगितलं नाही. गावातून बैलजोडीला भरघोस मतं पडली.

भिंत वाढली नाही. शेवटी राहीबाईंनी लाकडी मेढी आणून भिंतीलगत रोवल्या आणि भिंतीच्या वर उसाच्या पाचटाचा कूड बांधायला घेतला. मनुबाई आली, आळीतल्या आणखी दोघी आल्या. ओढ्यापलीकडून हरिबांची बायको राहीबाईंना हाक मारून म्हणाली, "आमी येऊ का?" कुणीतरी कुजबुजलं. राहीबाई म्हणाल्या, "ये. त्या टोकाची सुतळी धर." मनुबाई जरा बाजूला सरकली, पण गेली नाही.

अड्ड्यावरचे बैल कुडाला अंग घासत आणि चार दिवसांनी तो आडवा व्हायचा. बायका तो पुन्हा उभा करायच्या. एकदा राहीबाई अशाच गाठी मारत असताना बयाबाई तिथं आल्या आणि पाचटाची पेंढी पुढे करू लागल्या. राहीबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. चावडीतल्या त्या दिवसाबद्दल विचारावं असं ओठावर आलं होतं. त्यांनी पेंढी घेतली, सुतळीचा वेढा दिला आणि म्हणाल्या, "जरा घट दाबून धरा. बैल लय माजल्यात औंदा."